सर म्हणतात, "लेटर तूच लिहून आण": रेसिडेन्सीच्या एलओआरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलमध्ये घ्यायच्या स्पेशालिटीच्या ट्रेनिंगला, अप्लाय करणाऱ्यांचे प्रश्न खूप आलेत आणि त्यातले बहुतेक रेकमेंडेशन लेटरवर, म्हणजे सगळे ज्याला एलओआर म्हणतात त्यावर. स्टेप वन, म्हणजे तिकडच्या लायसन्स परीक्षेचा पहिला टप्पा, २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-फेल झाली, तेव्हापासून स्कोअर बघून पटकन चाळणी लावणं अवघड झालंय आणि लेटरकडे जास्त बारकाईने बघितलं जातं, त्यामुळे ही काळजी साहजिकच आहे. सारखे प्रश्न एकत्र करून पाच घेतलेत.

प्रश्न: ताई, माझी इंटर्नशिप नुकतीच संपली, इंटरनल मेडिसिनला अप्लाय करणारे. एचओडी सरांकडे लेटर मागितलं तर ते म्हणाले, तूच लिहून आण, मी वाचून सही करतो. सीनियर म्हणतात सगळे असंच करतात, काही होत नाही. मला ते बरोबर वाटत नाहीये, पण सरांना नाही कसं म्हणू?

उत्तर: तुला बरोबर वाटत नाहीये ना, मग तेच धरून चाल. सरांच्या मनात वाईट काही नसतं हे मला पक्कं माहितीये. ओपीडी, वॉर्ड, परीक्षा यातून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि तिकडचं लेटर कसं असतं हे बऱ्याच जणांनी कधी पाहिलेलंच नसतं, म्हणून ते सोपा मार्ग सांगतात. पण तो तुझ्यासाठी सोपा नाहीये.

मी दर सीझनला अर्ज वाचते. स्वतःच लिहिलेलं लेटर कळतं, खरंच कळतं. पर्सनल स्टेटमेंटमधली वाक्यरचना लेटरमध्ये दिसते, एकाच मुलाची तीन लेटरं तीन वेगळ्या डॉक्टरांच्या सहीने येतात पण तिन्हीत "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये मिसळणारा" त्याच क्रमाने असतं. मग त्या मुलाच्या बाकीच्या अर्जाकडेही शंकेने बघितलं जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं कारण मुलगा बहुतेक वेळा खरोखरच चांगला असतो. शिवाय अर्ज पाठवताना आपण त्यातली माहिती खरी असल्याचं लिहून देतो, आणि बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांची कागदपत्रं तपासणारी तिकडची संस्था ईसीएफएमजी खोट्या कागदपत्रांना गैरवर्तन समजते, ते रेकॉर्डवर गेलं की पुढे वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. सीनियरचं काही झालं नाही म्हणून तुझंही होणार नाही असं नाही.

आणि दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. स्वतःबद्दल लिहायला बसलं की माणूस विशेषणं लिहितो, आणि ज्याने बघितलंय तो प्रसंग लिहितो. मी वाचलेल्या एका लेटरमध्ये जेमतेम अर्धं पान होतं, इंग्रजी अगदी साधं, पण त्यात लिहिलं होतं की या मुलीने रात्री दोन वाजता पेशंटचा पोटॅशियम रिपोर्ट चुकीचा वाटला म्हणून स्वतः पुन्हा सॅम्पल घेतलं, आणि ते का घेतलं हे सकाळी राउंडला नीट समजावून सांगितलं. त्या मुलीला इंटरव्ह्यूला बोलवायचं हे मी तिथेच ठरवलं. ते वाक्य ती स्वतःबद्दल लिहूच शकली नसती, कारण तिच्या लेखी ते रोजचं काम होतं.

तर सरांना नाही म्हणू नकोस, वेगळं काहीतरी घेऊन जा. म्हण की "सर, लेटर तुमच्या शब्दांत असलं तरच त्याला तिकडे किंमत आहे, पण तुमचा वेळ जाऊ नये म्हणून मी मुद्दे लिहून आणलेत." मग एक पान दे. त्यात तू त्यांच्या युनिटला कधी आणि किती आठवडे होतास, कुठले तीन-चार पेशंट त्यांच्यासोबत बघितलेस (नाव नको, आजार आणि तू काय केलंस एवढंच), कुठलं प्रेझेंटेशन केलंस, त्यांनी कुठली चूक दाखवली आणि ती तू कशी सुधारलीस, हे सगळं. सोबत सीव्ही आणि पर्सनल स्टेटमेंट. लेटरहेड, तारीख आणि सही लागते, तुला किती काळ आणि कुठल्या नात्याने ओळखतात ते यायला हवं, आणि आतापर्यंत बघितलेल्या इंटर्नमध्ये तू कुठे बसतोस हे सरांनी एका वाक्यात सांगितलं तर फारच उत्तम, हेही त्यांना सांग. माहिती तू दिलीस तरी चालते पण मत आणि वाक्यं त्यांचीच हवीत, एवढी रेघ सांभाळ. टायपिंगचा कंटाळा असेल तर ते तोंडी सांगू शकतात, ऑफिसमधलं कुणी टाइप करेल. आणि एवढं करूनही सर "नाही, तूच लिही" म्हणाले तर दुसऱ्याकडे जा. तुझ्यासोबत रोज राउंड घेणाऱ्या असोसिएट प्रोफेसर मॅडमचं खरं लेटर एचओडींच्या नुसत्या सहीपेक्षा चांगलं.

प्रश्न: लेटर बघण्याचा हक्क सोडायचा का ठेवायचा? मी न बघता पाठवलं आणि त्यात वाईट लिहिलेलं असेल तर?

उत्तर: सोडायचा. हा हक्क १९७४ च्या फेर्पा नावाच्या कायद्याने मिळतो, ठेवला तर नियम मोडत नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणारा मोकळेपणाने लिहू शकला नसेल. आणि इरासवर, म्हणजे रेसिडेन्सीचा अर्ज भरायच्या ऑनलाइन सिस्टीमवर, लेटरची एंट्री एकदा कन्फर्म केली की ती बदलता येत नाही, म्हणून डॉक्टरांचं नाव, पद आणि हा पर्याय आधीच दोनदा तपास. वाईट लिहितील या भीतीवर इलाज लेटर मागतानाच करायचा. "लेटर द्याल का" असं विचारू नको, "माझ्यासाठी स्ट्राँग लेटर लिहू शकाल असं तुम्हाला वाटतं का" असं विचार, आणि समोरचा जरा जरी अडखळला तरी थँक्यू म्हणून निघून ये.

प्रश्न: मी मे महिन्यात अमेरिकेत चार आठवडे ऑब्झर्व्हरशिप केली, म्हणजे तिथल्या डॉक्टरांसोबत राहून काम बघितलं. अटेंडिंग, म्हणजे तिथले सीनियर डॉक्टर, म्हणाले होते नक्की लेटर देतो. आता दोन ईमेल झाले, उत्तर नाही. सप्टेंबर आला. अर्ज थांबवू का? एका मित्राने सांगितलं की त्याच्या डॉक्टरांनी त्याला पीडीएफ ईमेल केली आणि त्यानेच अपलोड केली.

उत्तर: अर्ज अजिबात थांबवू नकोस. लेटर आलेलं नसतानाही अर्ज सबमिट करता येतो, आणि लेटर नंतर आलं की तेव्हा प्रोग्रामला, म्हणजे ज्या हॉस्पिटलच्या ट्रेनिंगला अर्ज केलाय त्याला, असाइन करता येतं. अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीपासून पाठवता येतात आणि प्रोग्राम ते सप्टेंबरच्या शेवटाकडे उघडतात, २०२५ ला ती तारीख २४ सप्टेंबर होती. त्या दिवशी तुझा अर्ज तिथे असणं जास्त महत्त्वाचं.

मित्राने केलं ते मात्र करू नकोस, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं तरी नको. लेटर लिहिणाऱ्याने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसानेच ते लेटर पोर्टलवरून अपलोड करायचं असतं, अर्जदाराने स्वतःचं लेटर अपलोड करणं हा नियमभंग आहे. डॉक्टरांनी पीडीएफ पाठवलीच तर नम्रपणे कळव की मला हे अपलोड करायची परवानगी नाही, तुमच्या ऑफिसमधून कुणी करू शकेल का.

उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. तुझा ईमेल सकाळी राउंडच्या वेळी आला, त्यांनी संध्याकाळी बघू म्हटलं आणि तो खाली गेला. म्हणून तिसरा ईमेल वेगळा लिही, सहा ओळींच्या वर नको. तू कोण, कुठल्या तारखांना होतास, तुमच्या दोघांत चर्चा झालेला एखादा पेशंट, लेटर कुठल्या तारखेपर्यंत हवंय, आणि सोबत इरासमधून काढलेला रिक्वेस्ट फॉर्म परत जोड, त्यावर लेटर आयडी असतो आणि तो नसेल तर त्यांना पुढे जाताच येत नाही. त्यांच्या सेक्रेटरीला किंवा कोऑर्डिनेटरला सीसीमध्ये ठेव. कितीदा तरी काम याच व्यक्तीमुळे होतं, त्यांच्याशी आदराने बोल. आठवड्याने ऑफिसला एक फोन कर. त्यानंतर मात्र पाठपुरावा सोडून दे आणि तुझ्याकडे आधीच असलेल्या लेटरवर अर्ज उभा कर. पुढच्या वेळी लेटर रोटेशनच्या शेवटच्या आठवड्यात, समोरासमोर मागायचं, आणि शक्य असेल तर फॉर्म त्याच दिवशी हातात द्यायचा.

प्रश्न: माझी मुलगी अप्लाय करतेय. माझे जुने मित्र तिकडे मोठे कार्डिऑलॉजिस्ट आहेत, ते आनंदाने लेटर देतील. मुलीने त्यांच्यासोबत काम केलेलं नाही, पण ते तिला लहानपणापासून ओळखतात. चालेल का?

उत्तर: नाही चालणार. तुमचा जीव तुटतो हे समजतं, पण लहानपणापासूनची ओळख असलेलं लेटर वाचणाऱ्याला ती पेशंटसोबत कसं काम करते याबद्दल काहीच सांगत नाही आणि तिची लेटरची एक जागा फुकट जाते. काम केल्याचं त्यात खोटं लिहिलं तर ते तिच्या अंगाशी येईल. मित्रांना मुलीचा मॉक इंटरव्ह्यू घ्यायला सांगा, दोन-तीन वेळा, कडक. आणि त्यांच्या डिपार्टमेंटमध्ये ती रीतसर रोटेशन करू शकली तर मग लेटरही रीतसर मागता येईल.

प्रश्न: माझी सहा लेटरं आलीत, तीन अमेरिकेतली, तीन इथली. इंटरनल मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिन दोन्हीला अप्लाय करतोय. सगळी पाठवू का?

उत्तर: इरासवर एंट्री हव्या तितक्या करता येतात, पण एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चारच असाइन होतात. आधी प्रत्येक प्रोग्रामची वेबसाइट बघ, काही जण इंटरनल मेडिसिनला डिपार्टमेंट चेअरचं लेटर मागतात, काही अमेरिकेतल्या लेटरचा आकडा सांगतात. हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये टाक, एका ओळीत एक प्रोग्राम, कारण शंभर प्रोग्राम डोक्यात राहत नाहीत आणि चुका नेमक्या इथेच होतात. ज्या लेटरमध्ये "इंटरनल मेडिसिनसाठी शिफारस करतो" असं स्पष्ट असेल ते चुकून फॅमिली मेडिसिनला गेलं तर वाचणाऱ्याला वाटतं आपण याची दुसरी पसंती आहोत. म्हणून एकच डॉक्टर दोन्हीसाठी लिहिणार असतील तर दोन वेगळ्या एंट्री, दोन वेगळे लेटर आयडी, आणि एंट्रीच्या नावातच स्पेशालिटी. याच विषयावर लिहिणाऱ्या एका वाचक मुलीसाठी सांगते, स्त्रीरोग आणि प्रसूतीसाठी २०२४ च्या सीझनपासून इरास नाही, रेसिडेन्सीकॅस नावाची वेगळी सिस्टीम आहे, तिथली लेटरं वेगळी मागवावी लागतात.

अमेरिकेतली तीन लेटरं साधारणपणे आधी जातील, पण आंधळेपणाने नको. तिकडच्या एखाद्या डॉक्टरांनी तुला दोनच आठवडे मागे उभं राहताना बघितलं असेल आणि इथल्या मॅडमनी वर्षभर काम करताना, तर मॅडमचं लेटर वर घे. आणि सबमिट केलेल्या अर्जात लेटर एकदा प्रोग्रामला गेलं की ते परत काढून दुसरं लावता येत नाही. तुझं ऑक्टोबरमध्ये अजून एक रोटेशन असेल तर आत्ता तीनच असाइन कर, चौथी जागा त्या लेटरसाठी मोकळी ठेव.