कोरसवाले काका, कांद्याचा बॉक्सर आणि महूचं पोस्टकार्ड : वाचक विचारतात

मागच्या अंकात शेवटी चार बोटं जागा उरली होती म्हणून मी ‘मायटी ॲफ्रोडाइटी’ नावाचा १९९५चा इंग्रजी पिक्चर बघा, ग्रीक शोकांतिकेचं हसरं पोर आहे, असं लिहून मोकळी झाले. त्यानंतर तुमचे जे व्हॉट्सॲप, फोन आणि एक पोस्टकार्ड (हो, चक्क पोस्टकार्ड, महूहून) आलं त्यावरून अर्ध्या इंदूरनं तो बघितला आणि त्यातल्या अर्ध्यांना तो बिलकुल आवडला नाही असं दिसतंय. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याचेच.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी पटकन गोष्ट. न्यूयॉर्कमधला लेनी हा क्रीडापत्रकार, बायको अमांडा आर्ट गॅलरीवाली, दोघं एक मुलगा दत्तक घेतात, पोरगं इतकं हुशार निघतं की लेनीला स्वस्थ बसवत नाही, याची खरी आई कोण असेल? शोधतो तर सापडते लिंडा, धंदा करणारी, अधूनमधून नको त्या पिक्चरमध्ये काम करणारी आणि मनानं एकदम साधी. हा तिला सुधारायला निघतो, आणि या सगळ्यावर मध्ये मध्ये ग्रीक कोरस, म्हणजे जुन्या ग्रीक नाटकात गोष्टीवर बोलणारी मंडळी, येऊन बडबड करतो. लेनी म्हणजे स्वतः वुडी ॲलन, लेखन-दिग्दर्शनही त्याचंच. पुढे उत्तरांमध्ये शेवट फुटणार आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी आत्ताच पान उलटा.

ताई, तुम्ही ‘हलकाफुलका’ लिहिलंत म्हणून रविवारी दुपारी मोठ्या टीव्हीवर लावला. सासूबाई शेजारी गराडूची बशी घेऊन, वर जीरावन भुरभुरत बसलेल्या, आणि तेवढ्यात लिंडाच्या घरातल्या त्या वस्तू दिसायला लागल्या. रिमोट सापडेना. हा काय घरच्यांसोबत बघायचा पिक्चर आहे? (सुदामानगरहून एक सून)

नाही गं, अजिबात नाही, चूक माझी. ‘फक्त मोठ्यांसाठी’ एवढे दोन शब्द लिहायला हवे होते. लिंडाचं घर अचकटविचकट सामानानं भरलेलं आहे आणि ती बोलतेही तसंच, आपण मेथीच्या जुडीचा भाव सांगतो ना तितक्या सहज, तिला त्यात काही लपवायचं असतं हेच माहीत नाही. हसू येतं ते त्या सहजपणामुळे, पण गराडूची बशी मांडीवर घेऊन सासूबाईंच्या शेजारी बसून हसायची ती गोष्ट नव्हे. माझ्या नावावर खपव. आणि सासूबाई उठून गेल्या की शेवटपर्यंत बसल्या ते मात्र कळव, तू ते सोयीस्करपणे लिहिलेलं नाहीस.

कोरस फार बोअर झाला. गोष्ट जरा रंगात आली की हे बुवा हजर. ग्रीक लोक खरंच असं करायचे का? आपल्याकडे तर असलं काही नसतं. (रामबाग, ‘चाळीस वर्षं हौशी नाटकं केलेला’)

बोअर होतो हे अर्धं मान्य. तोच जोक आहे, पुरातन थाटात सुरू करायचं आणि मध्येच न्यूयॉर्कच्या गल्लीतलं काहीतरी बोलायचं, आणि तो जोक पाचव्यांदा आला की आपणही घड्याळ बघतो. तरी झ्यूसला आर्त हाका मारतात आणि पलीकडून आन्सरिंग मशीन लागतं, त्याला मी दर वेळी हसते, देवाचं असंच असतं. आणि कसांड्रा! अपोलोनं तिला भविष्य दिसायची शक्ती दिली आणि वर शाप दिला की तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. इथं तिला संकट दिसतं, सर्वनाश दिसतो आणि त्याहून वाईट म्हणजे वकील दिसतात. (या सदराचे बरेच वाचक वकील आहेत, रागावू नका.)

ग्रीक लोक करायचे, हो. ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या नाटकात १५ जणांचा कोरस असायचा, गाणारा आणि नाचणारा, ऑर्केस्ट्रा हा शब्दच मुळात त्यांच्या नाचायच्या गोल जागेचा. पिक्चरमधला कोरस सिसिलीत ताओर्मिनाच्या प्राचीन थिएटरमध्ये शूट केलाय, त्या दगडी पायऱ्या सेट नाहीत. म्होरक्या झालाय एफ. मरे अब्राहम, ‘अमाडेउस’मध्ये सालिएरी करून ऑस्कर घेतलेला, आणि तो मधूनच थेट न्यूयॉर्कमध्ये येऊन लेनीच्या मागे मागे फिरतो तेव्हा मला तो न ऐकणाऱ्या भाच्याच्या पाठी लागलेल्या मामासारखा दिसतो.

पण आपल्याकडे असलं काही नसतं? चाळीस वर्षं नाटक करून? अहो ‘घाशीराम’ची ती ब्राह्मणांची डुलणारी रांग काय होती मग? १९७२ साली तेंडुलकरांनी लिहिलं आणि जब्बार पटेलांनी बसवलं, तीच माणसं घडीत भिंत, घडीत पडदा, घडीत पुण्याचा जमाव, हा कोरसच आहे, आणि माझ्या मते वुडी ॲलनपेक्षा दसपट चलाख. ग्रीक कोरस म्हणजे गावातली शहाणी मंडळी, ‘बाबा रे नको करू’ म्हणणारी आणि नंतर हळहळणारी. घाशीरामची रांग स्वतःच पापात भागीदार आहे आणि वर भजन म्हणते. ते बघून आलेल्या माणसाला हा ताओर्मिनावाला कोरस मिळमिळीत वाटणारच, तेवढं मी तुमच्या बाजूनं.

शोकांतिकेची कॉमेडी करणं हा तिचा अपमान नाही का? आम्हाला सोफोक्लीजचं इडिपस आहे अभ्यासाला (नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेला राजा), त्यात हसण्यासारखं काही नाही. (विजयनगर, बी.ए. दुसरं वर्ष)

तुझ्या इडिपसच्या काळात अथेन्सला डायोनिससच्या उत्सवात एकेक कवी लागोपाठ तीन शोकांतिका सादर करायचा आणि त्यानंतर त्याच कवीचं चौथं नाटक असायचं, सॅटर प्ले म्हणतात त्याला, घोड्याचे कान आणि घोड्याच्या शेपट्या लावलेल्या दारुड्या सॅटरांचा, म्हणजे अर्ध्या माणसांचा, कोरस आणि भरपूर चावटपणा. म्हणजे दिवसभर रडवायचं आणि जाता जाता हसवून घरी पाठवायचं, हे ग्रीकांनीच केलेलं आहे. त्यातलं अख्खं एकच हाती लागलंय, युरिपिडीजचं ‘सायक्लॉप्स’, परीक्षेत लिहिलंस तर सर खूश होतील.

शेवटी अडकलेला गुंता सोडवायला आकाशातून देव उतरवायचा, ही पण त्यांचीच युक्ती, त्यासाठी रंगमंचावर चक्क क्रेन असायची. इथं लिंडाचं कसं होणार म्हणून आपण हळहळतोय तोच समोर हेलिकॉप्टर उतरतं आणि त्यातून नवरा निघतो. सरळ ढापलंय, पण ढापलंय ते सांगून.

आणि एक गंमत, जी मला दुसऱ्यांदा बघताना सुचली. हा पिक्चर नुसत्या इडिपसवर नाही. खालच्या थरातल्या मुलीला सुधारायला निघालेला शहाणा पुरुष म्हणजे शॉचं ‘पिग्मॅलियन’, म्हणजेच आपली ‘ती फुलराणी’, भक्ती बर्वेंची मंजुळा आठवते ना, तुझ्या आजीला विचार. मूळ ग्रीक कथेत पिग्मॅलियन हा मूर्तिकार स्वतःच्याच मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि प्रेमाची देवता त्या मूर्तीत जीव घालते. ती देवता कोण? ॲफ्रोडाइटी. पिक्चरचं नाव उगाच नाही. आणि मराठीत ‘ती फुलराणी’ कोणी आणली, पुलंनी, आणि ‘राजा ओयदिपौस’, म्हणजे इडिपसच, कोणी केलं, तेही पुलंनीच. वुडी ॲलननं एका पिक्चरमध्ये जी दोन टोकं बांधली ती दोन्ही आपल्याकडे एकाच माणसाच्या टेबलावर होती. यावर कोणी पेपर लिहा बाबांनो, मला वेळ नाही.

त्या लिंडाचा आवाज! उंदीर फुग्यात अडकल्यासारखा. हिला ऑस्कर कसं दिलं? (देवास)

मलाही पहिली दहा मिनिटं आवाज कमी करावा लागला. पण नीट बघा, तो आवाज एकदाही सुटत नाही, रडतानासुद्धा नाही. मीरा सोर्विनो ही हार्वर्डला चिनी शिकलेली बाई आहे, मँडरिन बोलते, आणि तिनं असं डोकं रिकामं असलेलं माणूस उभं केलंय की आपल्याला तिची कीव येत नाही, माया वाटते. १९९६च्या ऑस्करला सहायक अभिनेत्रीच्या यादीत केट विन्स्लेटसुद्धा होती, तिला मागे टाकून हिनं घेतलं. त्या रात्रीचा व्हिडिओ मिळाला तर बघा, ही स्टेजवरून वडिलांचं नाव घेते आणि खाली तिचे वडील पॉल सोर्विनो, एरवी पडद्यावर माफियाचे दादा, तोंडावर हात धरून हमसून हमसून रडतायत.

तो बॉक्सर कशाला आणला मध्येच? (कोणीतरी, नाव-गाव नाही)

लिंडाचं लग्न जुळवायला. बिचाऱ्याला बॉक्सिंग सोडून घरची कांद्याची शेती करायची असते, एवढ्या एका कारणासाठी मला तो लासलगावचा वाटला. पुढे तिचा भूतकाळ कळल्यावर तो तिच्यावर हात उचलतो आणि पिक्चर ते फार पटकन पुसून पुढे जातो. ते मला आवडलेलं नाही.

वुडी ॲलनचे पिक्चर आता बघावेत का? मुलगी म्हणते बघू नका. (पलासिया)

मुलीचं म्हणणं हवेतलं नाही. १९९२ पासून त्याच्यावर दत्तक मुलीच्या लैंगिक छळाचा आरोप आहे, तो त्यानं कायम नाकारलाय, खटला कधी उभा राहिला नाही. २०१८ला मीरा सोर्विनोनं स्वतः जाहीर पत्र लिहून त्या मुलीची माफी मागितली आणि पुन्हा त्याच्यासोबत काम करणार नाही म्हणाली, म्हणजे ज्या पिक्चरनं तिला ऑस्कर दिलं त्याच पिक्चरच्या दिग्दर्शकाबद्दल. मी हे सगळं माहीत असून बघते, पण आता निवांत बघवत नाही, आणि एका दत्तक बापाची गोष्ट हाच माणूस सांगतोय हे डोक्यातून जात नाही. तुमची मुलगी बघत नसेल तर तिला आग्रह करू नका.

ताई, आमचा मुलगा दत्तक आहे, आता नऊ वर्षांचा. पिक्चरमध्ये लेनी संस्थेच्या ऑफिसात जाऊन चोरून फाईल बघतो तिथं मी टीव्ही बंद केला. लोक हसतात तिथं. मला धडकी भरली. (लोकमान्यनगर)

तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. पहिल्यांदा बघताना मीही तिथं हसले होते हे कबूल करते, बाई जरा बाहेर जाते आणि हा कपाटावर तुटून पडतो, वुडी ॲलनची ती नेहमीची धांदल. तुमचं वाचल्यावर परत लावून बघितला तर नाही हसू आलं. कारण तो ते मुलासाठी करत नाहीये, स्वतःची हौस म्हणून करतोय. पोरगं तर काही विचारतही नाही.

आपल्याकडे असं करता येत नाही, आणि बरंय. २०२२च्या दत्तक नियमांप्रमाणे मूळ शोधायचा हक्क मुलाचा आहे, १८ पूर्ण झाल्यावर तो स्वतः अर्ज करू शकतो, त्याआधी आईबापांसोबत, आणि तेही जन्म देणाऱ्या आईच्या खासगीपणाला धक्का न लावता. मूल सोपवणाऱ्या आईलाही कायदा दोन महिने देतो, परत विचार कर म्हणून. म्हणजे कोणाच्या बापाला वाटलं आणि फाईल काढली असं नाही. तुमच्या मुलाला उद्या विचारावंसं वाटलं तर तो तुम्हालाच आधी विचारेल, आणि नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक हा शब्द घरात आधीच माहीत असला तर पुढचा प्रश्न सोपा जातो, हे मी मूल दत्तक घेतलेल्या माझ्या मावसबहिणीकडे बघून सांगतेय. तिच्याकडे दर वर्षी दोन वाढदिवस होतात, एक जन्माचा आणि एक घरी आणल्याचा, आणि दुसऱ्याला श्रीखंड जास्त असतं.

टीव्ही बंद केलात ते बरोबरच केलंत. पण कधी जमलं तर शेवटची पाच मिनिटं तेवढी बघा, खालच्या पोस्टकार्डात तेच आहे.

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद. शेवटी खेळण्यांच्या दुकानात लेनी आणि लिंडा भेटतात. तिच्यासोबत त्याची मुलगी, त्याच्यासोबत तिचा मुलगा, आणि दोघांपैकी एकालाही आपलं पोर समोर आहे हे ठाऊक नाही. हे बरोबर आहे का? कोणीतरी सांगायला नको होतं का? (महू, निवृत्त शिक्षक)

काका, नमस्कार. तुमचं अक्षर अजून फळ्यावरचं आहे.

सगळ्या पत्रांमध्ये मला हा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण इडिपसचा सगळा घोळ याच ‘कळण्या’त आहे. तो खोदत जातो, सगळे सांगतात पुरे कर, त्याची राणी योकास्टा हात जोडते, तो थांबत नाही, आणि कळतं तेव्हा डोळे फोडून घेतो. आपल्याकडे उलटं, शाकुंतलात कळणं म्हणजे सुटका, अंगठी सापडते, सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारं पोर सापडतं, बाप रडतो आणि सगळं गोड होतं, नावातच अभिज्ञान आहे. आणि कर्णाला कळतं ते युद्धाच्या तोंडावर, तो कुंतीला चार पांडवांचं अभय देतो पण स्वतः राधेयच राहतो.

या पिक्चरमध्ये मात्र लेनीनंही इडिपससारखंच खोदलेलं आहे, फाईल चोरण्यापर्यंत, आणि त्याची शिक्षा म्हणून जे व्हायचं ते झालंय, संसार मोडायला आलाय, एका रात्रीत लिंडासोबत नको ते घडलंय, ती मुलगी त्यातलीच. शेवटी जे एक कळायचं उरलंय तेवढंच लेखक त्याच्या हातात देत नाही. वरून कोरसला माहीत, आपल्याला माहीत, खाली दोघं एकमेकांची पोरं किती गोड म्हणून कौतुक करतायत. सांगायला हवं होतं का? व्यवहारात म्हणाल तर हो, मुलीला उद्या डॉक्टर घराण्यातल्या आजारांचं विचारतील तेव्हा ती काय सांगणार. पण त्या दुकानात, त्या मिनिटाला, मी खुर्चीत पुढे सरकून ‘नको सांगू, नको सांगू’ म्हणत होते, म्हणजे मीच कोरस झाले होते.

आणि मग म्हातारा कोरस ताओर्मिनाच्या उन्हात चक्क ‘हसत राहा’ छापाचं जुनं अमेरिकन गाणं म्हणत नाचायला लागतो. तेव्हा रामबागवाल्यांनी घड्याळ बघितलं असणार. मी नाही बघितलं.

काका, पोस्टकार्डावर परतीचा पत्ता लिहिलेला नाही, पुढच्या वेळी लिहा, अंक पाठवते.