गावची सरकारी शाळा की म्हापशाची खासगी?

शारजाहून एका ताईंचा मेसेज आलाय. पुढच्या वर्षी कायमचं गोव्यात परतायचंय, घर पेडण्याला, मुलगी तेव्हा दुसरीत जाणार. सासूबाई म्हणतात गावच्या सरकारी शाळेत घाला, मिस्टर म्हणतात म्हापशाला खासगीत. आणि शेवटी विचारलंय, खासगीत असं काय असतं जे सरकारी शाळेला जमत नाही?

ताई, मला तुमचा हा शेवटचा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आंध्र प्रदेशात २००८ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला, सरकारी शाळेतल्या काही मुलांना लॉटरी काढून खासगी शाळेची फी भरणारं व्हाउचर दिलं आणि चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं साधारण सारखीच, खासगीवाली पुढे होती ती हिंदीत, कारण सरकारी शाळेत तिथे हिंदी जवळपास शिकवतच नव्हते. पण खरी गोष्ट पुढे आहे. खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी तास देऊन तेवढंच साधलं, दिवस मोठा, शिक्षक गैरहजर राहण्याचं प्रमाण कमी, आणि खर्च मुलामागे सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी. तो खर्च कमी होता मुख्यतः शिक्षकांना तुटपुंजा पगार दिल्यामुळे, ते मात्र कुणी शिकू नये. शिकायचं ते हजेरी आणि वेळेचा वापर.

आता आपल्या गोव्याचं बघा. इथे सरकारी प्राथमिक म्हणजे बहुतेक मराठी किंवा कोकणी माध्यम, चौथीपर्यंत, आणि बऱ्याच शाळा सुरू होतात थेट पहिलीपासून. खासगी शाळा मुलाला केजीलाच घेते, मग पहिलीला तिथून काढणार कोण? त्यात सरकारच्या बालरथ योजनेतल्या बसेस मिळाल्या अनुदानित, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खासगी शाळांना. घराजवळ बस येते म्हटल्यावर आईबाप मूल बसमध्येच बसवणार ना, त्यात त्यांचं काय चुकलं. पट घसरतो, शिक्षक कमी होतात, मग एकच बाई चार इयत्ता सांभाळणार, माध्यान्ह आहार बघणार, खात्याची माहिती भरणार, निवडणूक आली की तिकडे जाणार. अशा बाईला खासगी शाळेकडून शिका म्हणणं मला अजिबात पटत नाही. शिकायचंय ते पर्वरीला बसणाऱ्या शिक्षण खात्याने. शाळेला जोडून बालवाडी द्या, गाडी द्या, कागदपत्रं बघायला माणूस द्या.

तुमच्यासाठी सांगायचं तर, जुलै-ऑगस्टात सुट्टीवर याल तेव्हा इथल्या शाळा चालू असतात. दोन्ही शाळांत वर्ग चालू असताना जा, वह्या मागून बघा, बाईंनी तपासल्यात का, चुका समजावल्यात का ते बघा. बाई रजेवर असल्या की वर्ग कोण घेतं हे विचारा, याचं उत्तर ज्या शाळेकडे सरळ मिळेल ती चांगली शाळा समजायला माझी हरकत नाही. बिल्डिंग आणि स्मार्ट बोर्ड नंतर. एका वर्गात दोन-चारच मुलं असतील तर तेही विचारात घ्या, लहान मुलीला बरोबरीच्या मैत्रिणी लागतात.

मुलीला मराठी वाचता येत नाही म्हणून सरकारी शाळेवर फुली मारू नका, दुसरीतलं मूल काही महिन्यांत पकडतं, फक्त आत्तापासून रोज थोडं वाचून घ्या. पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम येतंच.

आणि सरकारी शाळा निवडलीत तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, आणि समितीच्या एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. तिथे नाव द्या. खासगीत फी भरणारे पालक ज्या हक्काने विचारतात त्याच हक्काने विचारा. परदेशातून शाळेला मदत पाठवणाऱ्या बाकीच्यांनाही हेच सांगेन, परत कॉम्प्युटर देण्याआधी समितीला विचारा, त्यांना कदाचित मुलांना आणणाऱ्या रिक्षाचं भाडं हवं असेल.