आधी भीती वाटते की आधी छाती धडधडते? जेम्स-लांग (आधी शरीर, त्यातून भावना) बरोबर की कॅनन-बार्ड (दोन्ही एकदम, स्वतंत्रपणे)?

परीक्षेसाठी विचारत असाल तर दोन्ही लिहा, मार्क मिळतील. मला माझ्या दाढेचं सांगायचंय.

सहा वर्षांपूर्वी अक्कलदाढ काढायला गेलो, सोबत दादा. मी निवांत होतो. स्कूटर नो पार्किंगमध्ये तर लावली नाही ना, एवढाच घोर. डॉक्टरांनी बधिर करायची सुई दिली आणि मिनिटभरात छाती अशी उडायला लागली की शर्टाचं बटण हलताना दिसत होतं. बोटं थरथरत होती, तळव्यांना घाम. पण भीती? अजिबात नाही. कुणा घाबरलेल्या माणसाचं शरीर मला भाड्यानं दिल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात दादा म्हणाला, "काय रे, टरकली का?"

झालं. तिथून पुढे मी खरंच टरकलो. खुर्चीचे हात धरून बसलो, डॉक्टरांना थांबवलं, दाढ पुढच्या आठवड्यावर गेली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात पंगतीला हा किस्सा वाढला जातो.

मागाहून कळलं, बधिरपणा टिकावा म्हणून त्या सुईत बधिर करणाऱ्या लिग्नोकेनबरोबर ॲड्रेनलिन असतं, आणि छाती धडधडते ती त्यानंच. मारान्यॉन नावाच्या स्पॅनिश डॉक्टरनं १९२४ मध्ये लोकांना नुसतं ॲड्रेनलिनच टोचून पाहिलं होतं. बहुतेकांचं म्हणणं एकच: शरीरात खळबळ आहे, फार तर 'घाबरल्यासारखं' वाटतंय, पण घाबरलो नाही. कॅनननं १९२७ मध्ये जेम्सला याच मुद्द्यावर धरलं. नुसत्या धडधडीची भीती होत असती, तर मी दादानं तोंड उघडायच्या आधीच घाबरलो असतो की!

तुमच्या प्रश्नात शॅक्टर-सिंगर नाहीतच, आणि माझी केस त्यांची. त्यांचं म्हणणं, शरीर खळबळतं आणि त्या खळबळीला भावनेचं नाव आपण आजूबाजूला बघून देतो. १९६२ मध्ये त्यांनी जीवनसत्त्व म्हणून सांगून कॉलेजातल्या मुलांना ॲड्रेनलिन टोचलं आणि शेजारी सोंग करणारा माणूस बसवला, कुठे हुंदडणारा, कुठे चिडलेला. ज्यांना सुईचा परिणाम माहीत नव्हता, त्यांना शेजाऱ्याची लागण जास्त झाली. म्हणजे धडधड सुईची, बारसं दादानं केलं. कुणाची छाती धडधडत असेल तर "घाबरलास का" विचारू नका. "औषधाचं आहे, ओसरेल" म्हणा.

तसं १९७९ मध्ये इतरांनी असे प्रयोग करून पाहिले तेव्हा निकाल इतके सरळ आले नव्हते. हे दादाला सांगू नका. आणि सुईबिईशिवाय वरचेवर धडधडत असेल तर मानसशास्त्र ठेवा बाजूला, ईसीजी काढा.

दादाची दाढ दोन महिने ठणकतेय. लवंग धरून बसलाय.