कोंबडीच्या पिल्लांना २५० वॅटचा लाल बल्ब नको, मुंबईत ६०चा पुरतो

तुम्ही लिहिलंय की भांडुपला बैठं घर आहे, मागे पत्र्याची पडवी, जानेवारीत एक दिवसाची २० गावठी पिल्लं आणायचीत आणि व्हिडिओ बघून २५० वॅटचा लाल बल्ब मागवलाय, तर आता ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा खोका कसा करायचा आणि बल्ब किती दिवस ठेवायचा. आधी तो बल्ब परत जात असेल तर परत करा. ते व्हिडिओ जिथले असतात तिथे शेडच्या बाहेर बर्फ पडलेला असतो हो, आपल्याकडे जानेवारीत पहाटे १६-१७ झालं तरी लोक स्वेटर घालून फोटो टाकतात. एवढ्याशा खोक्यात २५० लावला तर पिल्लं तोंड उघडी टाकून धापा टाकणार आणि पळायला जागा नसेल तर तिथेच मरणार. मी गोराईला राहतो, आमच्याकडे आजीच्या वेळेपासून कोंबड्या आहेत, आणि माझं म्हणणं एकच, मुंबईत पिल्लांना ऊब देणं अवघड नाही, त्या उबेपासून लांब जायला त्यांना जागा ठेवणं हे लोक विसरतात.

म्हणून खोका चौकोनी नको, लांब हवा. फ्रिजचा पुठ्ठ्याचा खोका मिळवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितला तर देतात किंवा भंगारवाल्याकडे असतोच. तो आडवा पाडून वरची बाजू कापून टाका, पाचेक फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा मिळते, २० पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे आरामात होते. बल्ब एका टोकाला, दाणा मधे, पाणी दुसऱ्या टोकाकडे. चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करून घ्या, कारण घाबरली किंवा गारठली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. थर्माकोलचा मासळीचा खोका वापरू का असं पण बरेच जण विचारतात, फुकट मिळतो म्हणून, पण बल्बजवळ तो वितळतो, पेट पण घेतो आणि पिल्लं टोचून टोचून त्याचे दाणे खातात, तेव्हा नकोच.

बल्बचं आता नीट वाचा. सरकारी कुक्कुटपालनाच्या माहितीत साधारण पिल्लामागे १ ते २ वॅट असा हिशोब सांगतात, म्हणजे २० पिल्लांना थंडीत ४०, आपण ६० धरू. मी दोन होल्डर लावायला सांगेन, दोन्हीत ६०चा जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब आणि दोघांना वेगवेगळं बटण. एक चालू ठेवायचा, फारच गार रात्र असली तर दुसरा, आणि एक उडाला तर दुसरा हाताशी. एलईडी घेऊ नका, तो उजेड देतो, ऊब काही देत नाही. पिवळा बल्ब आता प्रत्येक दुकानात नसतो, पण लोहार चाळीत, दक्षिण मुंबईतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात मिळेल, गल्लीतल्या जुन्या इलेक्ट्रिकवाल्याकडे पण माळ्यावर पडलेले असतात. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा नको, कारण वर झाकण आलं की सगळी उष्णता होल्डरच्या मानेशी साचते आणि प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होऊन बल्ब खाली पडतो. आणि खाली काय असतं, तर तूस. आग अशीच लागते.

वर झाकण म्हणजे बांधकामावरचं लोखंडी घमेलं. मधोमध दोन भोकं पाडून दोन्ही होल्डर त्यात बसवा, घमेलं उलटं टांगा, उष्णता खाली परततेय ते हात धरला की लगेच कळतं. पण टांगायचं साखळीने, वायरने नाही, वायर वेगळी सैल बांधायची म्हणजे वजन तिच्यावर येत नाही. खोक्यावर आडवा बांबू टाका, त्याला साखळी, आणि साखळीची कडी बदलून वर-खाली करता येईल असं ठेवा. सुरुवातीला बल्ब तुसापासून सव्वा फूट वर. बल्बभोवती जाळीचा तुकडा गुंडाळा, पिल्लं आठवड्याभरात उड्या मारायला लागतात.

घरातच ठेवणार असाल आणि रात्रभर उजेडाने कुणाला झोप लागत नसेल तर आमच्या आईची पद्धत आहे. मातीची मोठी कुंडी बल्बवर उलटी घालायची, खालून विटांचे तुकडे लावून वायरीपुरती फट ठेवायची. यात बल्ब ४०चाच, होल्डर लादीवर घट्ट बसवलेला, आणि आत तूस अजिबात जाऊ द्यायचं नाही. कुंडी तापते, उजेड बाहेर पडत नाही, पिल्लं तिला टेकून झोपतात. उजेड कमी असला की एकमेकांना टोचणं पण कमी होतं. आणि हो, पहिल्या रात्री बघून घाबरू नका, पिल्लं झोपताना मान लांब टाकून, पाय पसरून अशी पडतात की मेलीच वाटावं, हात लावला की उठून ओरडतात.

तापमान पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३३ ते ३५, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी करायचं, साखळी वर घेऊन. फिश टँकवाल्याकडे वायरीचा डिजिटल थर्मामीटर मिळतो तो घ्या आणि त्याचं टोक पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, खोक्याच्या भिंतीवर वर लावला तर आकडा काही कामाचा नाही. लॅमिंग्टन रोडला आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट पण मिळतो, आवड असेल तर लावा, पण मी पिल्लांकडे बघूनच ठरवतो. सगळी बल्बखाली गोळा होऊन कर्कश ओरडत असतील तर गार वाटतंय, पंख सोडून चोची उघडून कडेला गेली असतील तर गरम होतंय, सगळी एकाच बाजूला चिकटली असतील तर कुठून तरी वारा लागतोय, पत्र्याच्या पडवीत हे हमखास होतं, फटीला गोणपाट लावा. पसरलेली, बारीक किलबिल करणारी, काही खातायत काही झोपलीयत, म्हणजे बरोबर आहे. हे रात्री २-३ वाजता एकदा उठून बघा, दुपारी सगळं छानच दिसतं.

खाली भाताचं तूस दोन इंच. नुसता पेपर अंथरू नका, गुळगुळीत असतो, पिल्लांचे पाय फाकतात आणि मग ती नीट उभीच राहत नाहीत. पहिले एक-दोन दिवस तुसावर गोणपाट टाका आणि मक्याचा बारीक भरडा त्यावर शिंपडा, नंतर चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. आणल्या आणल्या आधी पाणी, कोमट, थोडा गूळ घालून, मग दाणा. पाण्याचं भांडं उथळ, त्यात खडे टाका, एवढ्याशा पाण्यात पण पिल्लू बुडून मरतं, आणि भांडं एका लादीवर ठेवा म्हणजे तूस आत जात नाही. भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढायचं. ओल राहिली की रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस म्हणतात तो, पावसाळ्यात तर आपल्याकडे तोच जास्त त्रास देतो. मागच्या बाजूला विष्ठा चिकटून सुकली असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस साधारण ५ ते ७ दिवसांत, लासोटा नावाची, डोळ्यात थेंब. ती कशी द्यायची ते जनावरांच्या डॉक्टरकडून बघून घ्या, परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला पण विचारता येईल.

बाकी तुम्ही थंडीची काळजी करताय पण भांडुपला मला जास्त काळजी घुशीची वाटते. डोंगराच्या कडेला असाल तर मुंगूस आणि मांजर पण. षटकोनी चिकन जाळीवर विसंबू नका, तिने घूस अडत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली कडक लोखंडी जाळी आणा, खोक्याच्या वर लाकडाच्या चौकटीत ठोकून ठेवा, वर वीट. आणि पुठ्ठा घूस कुरतडते, म्हणून खोका पडवीत जमिनीवर नको, रात्री तरी घरात घ्या किंवा टेबलावर ठेवा.

किती दिवस, तर जानेवारीत धरा तीन ते चार आठवडे, पाठीवर आणि छातीवर लव जाऊन खरी पिसं दिसेपर्यंत. दहा-बारा दिवसांनी दुपारचा बल्ब बंद करून बघा, वर सांगितलं तसं वागणं बघा, मग संध्याकाळचा उशिरा लावा, असं करत शेवटी फक्त पहाटेपुरता राहील. हीच पिल्लं एप्रिल-मेमध्ये आणली असती तर दुपारी बल्ब लागलाच नसता, पत्र्याखाली ३५ तसंही होतं. लाईट आपल्याकडे सहसा जात नाही, पण गेली तर काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून जुन्या कपड्यात गुंडाळून खोक्यात आडव्या ठेवा, वरून अर्ध्या भागावर चादर टाका, अर्धा उघडा ठेवा, आणि पाणी गार झालं की बदला.