मॅक्युलर डीजनरेशन आणि ‘शिष्ट’ आजी

‘‘मी आंधळी होणार का हो?’’ उतारवयातल्या मॅक्युलर डीजनरेशनचे रुग्ण समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसले की बहुतेकदा पहिला प्रश्न हाच असतो.

या आजारात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, खराब होतो. वाचन, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं अवघड होतं. कडेचं मात्र बहुधा दिसत राहतं. निव्वळ या आजाराने मिट्ट काळोख सहसा होत नाही. डॉक्टरही हेच सांगतात, तरी भीती जात नाही. मग मी विचारते, काय करणं सोडलंत?

पंचाहत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या (ओळखीचे तपशील बदलले आहेत). दोन्ही डोळ्यांत ड्राय प्रकार, म्हणजे या आजाराचा सहसा हळूहळू वाढणारा प्रकार. सून म्हणाली, ‘‘आई भजनाला जातच नाहीत आता.’’

‘‘भजनं तर पाठ असतील तुमची?’’

‘‘शब्द न् शब्द. पण रस्त्यात बायका हसतात, मी आपली तशीच पुढे. शिष्ट म्हणतात मला.’’

‘‘डोळ्यांचं सांगितलंत त्यांना?’’

‘‘छे! पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी. आता लोकांनी कीव करायची?’’

‘‘म्हणजे शिष्ट म्हटलेलं चालेल?’’

बराच वेळ त्या गप्प. मीही घाई केली नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं. मग खुदकन हसल्या. ‘‘शिष्ट तर मी आधीपासूनच आहे!’’

तिथून गाडी हलली. संकटापेक्षा त्याबद्दल आपण मनात जे घोकतो ते जास्त छळतं, असं मी मानते. आजींची माणसं तुटली होती ती त्या लपवाछपवीत. आम्ही एक वाक्य तयार केलं : ‘चेहरा दिसत नाही मला, आधी नाव सांगा.’ दोनदा पुटपुटल्या आणि तिसऱ्यांदा आवाज खणखणीत झाला. ‘‘अहो, म्हणजे हजेरीच घ्यायची की!’’

भजनी मंडळात आता हजेरी होते. उशिरा येणाऱ्यांना बोलणीही बसतात म्हणे.

घरच्यांना मात्र मी जरा कडक बोलते. ‘आई, तुम्ही राहू द्या’ हे प्रेमाने म्हटलं तरी माणूस हळूहळू कामातून जातो. त्यापेक्षा गॅसचं बटण बंद असताना जिथे येतं तिथे खड्याची टिकली चिकटवा, हाताला कळते. पांढरा भात गडद ताटात वाढा. वाचायला जवळ दिवा द्या, मोबाइल बोलता करून द्या. त्या तुमच्या कानाकडे बघून बोलल्या तर रागावू नका; किंचित बाजूला पाहिलं की त्यांना चेहरा बरा दिसतो. लो व्हिजन केंद्रात, म्हणजे उरलेली नजर कशी वापरायची ते शिकवतात तिथे, हे मुद्दाम शिकवतात.

आणि विडी-सिगारेट असेल तर ती सोडाच. घरात रोज एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहायला सांगा. सरळ रेघ अचानक वाकडी दिसू लागली तर वेट प्रकार, म्हणजे पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरण्याचा प्रकार, सुरू झालेला असू शकतो. त्यावर डोळ्यात इंजेक्शनं देतात आणि वेळेत दिली तर नजर वाचू शकते. तेव्हा पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, डॉक्टरांकडे न्या.