आजीची वही की थ्रिलर?

प्रश्न : नमस्कार ताई, मी डोंबिवलीला राहते, फोर्टात बँकेत नोकरी. तीन गोष्टी लिहायला घेतल्यात आणि एकही पुढे सरकत नाहीये. एक थ्रिलर कादंबरी, सहा प्रकरणं झालीत, मैत्रिणी म्हणतात वेबसिरीज होईल. दुसरी एकांकिका, ऑफिसच्या ग्रुपला कबूल केलेली. तिसरं म्हणजे गिरणी संपावर मोठी कादंबरी करायचीये, १९८२ पासून आजच्या टॉवरपर्यंत सगळा पट, पण रिसर्च खूप लागेल. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची, पहाटे चारला उठून चौदा जणांचं जेवण, संपात उधारी थकली ती वही अजून तिच्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहे, काही नावांपुढे तिने नुसतं ‘गावी गेला’ लिहिलंय. वेळ मिळतो तो सकाळच्या लोकलमध्ये, तोही सीट मिळाली तर. काय धरू, काय सोडू?

उत्तर : अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. थ्रिलरबद्दल काय सांगितलंस, तर प्रकरणं किती आणि मैत्रिणी काय म्हणतात. खून कोणाचा झाला तेसुद्धा नाही! आणि आजीपाशी आलीस तशी पहाटेचे चार, चौदा माणसं, बिस्किटाचा डबा, सगळं न विचारता आलं. माझ्या मते उत्तर तूच लिहून पाठवलंयस.

फक्त तो ‘सगळा पट’ आत्ता बाजूला ठेव. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, संपाचे पुढारी दत्ता सामंत, मग गिरण्यांच्या जमिनी, टॉवर, एवढं सगळं उरावर घेतलंस तर रिसर्चच करत बसशील, मी बसलेय, माझ्या कपाटात अशा दोन फायली आहेत. तू खानावळीच्या ओट्यापाशी उभी राहा. गिरणीचा पगार झाला की खानावळीचे पैसे यायचे, पगार थांबला तरी पोरं जेवायला यायचीच, आणि वाण्याकडे उधारी मात्र आजीच्या नावावर. गिरणगावातल्या अशाच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, आजीचा त्याच्याशी काही संबंध होता का विचार.

आणि विचारताना ‘संप कसा होता गं’ असं विचारू नकोस, ती म्हणेल वाईट दिवस होते बाई, आणि संपलं. वही मांडीवर घे, एकेका नावावर बोट ठेव, हा काय आवडीने खायचा, ह्याचं गाव कुठलं, पैसे पाठवले का मग. मोबाईलवर रेकॉर्ड कर. एका नावाचं एक टिपण, लोकलमध्ये उभ्यानेसुद्धा फोनवर होतं तेवढं. दहा-बारा झाली की बघू दीर्घकथा होतेय की कादंबरी, ते आत्ता ठरवायची गरज नाही. दिवाळी अंकाची घाईही करू नकोस, बरेच अंक जुलै-ऑगस्टमध्येच मजकूर मागतात, यंदा नाही तर पुढच्या वर्षी.

एकांकिकेचं म्हणशील तर शब्द दिलायस, तेव्हा दोन रविवारांत उरकायची नाहीतर आजच नाही म्हणून सांग, लोकांना तालमीला लटकवून ठेवू नये. थ्रिलर राहू दे, खुनी कुठे पळून जात नाही.

सगळ्यात आधी मात्र या रविवारी लालबाग गाठ आणि वहीच्या पानापानाचे फोटो काढ. चाळीसेक वर्षांचा कागद, वर मुंबईचा पावसाळा, त्या डब्याचं झाकण नीट बसतं का तेही बघून ये.