फिरायला निघताना खिशात कागद हवाच
पोटभर खाल्ल्यावर कुत्र्याला साधारण अर्ध्या तासात शी लागते. तेवढा वेळ अंगणातच काढलात तर रस्त्याच्या फुटपाथवर पंचाईत होत नाही. तरी खिशात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे नि दोन पिशव्या असू द्या. तो हुंगत गोल फिरू लागला की मागून कागद सरकवा. हुकलंच तर पिशवी हातमोज्यासारखी घालून उचला, उलटवा, गाठ मारा. पातळ असेल तर आधी मूठभर कोरडी माती टाका, नाहीतर पेव्हिंग ब्लॉकच्या फटींत नुसतं सारवण होतं! पाणी ओतून गटारात ढकलू नका. जंतांची अंडी त्याने मरत नाहीत, पुढे जातात. वाळलेली शी निरुपद्रवी वाटते, पण गोलकृमी या जंताची अंडी 2 ते 4 आठवड्यांनीच संसर्गक्षम होतात. म्हणून लगेच उचलायची.